चढावर बंद पडणारी मोटार

भद्रकाली, नाशिक
४ फेब्रुवारी १९३४

दुलाभाई,

सलाम. गुलजार आपालाही सांगा, आणि हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवा, कारण बातमी माझ्या त्या बहिणीसाठीही आहे. मी मोटार घेतली! आणि ती चढावर बंद पडते.

आता नीट सांगतो. इथले एक म्हातारे डॉक्टर नवी गाडी घेणार होते. त्यांची जुनी उघडी मोटार मी आणि पुंजा गावित आम्ही दोघांनी मिळून घेतली. पुंजा पेठकडचा. मी शेटजींची गाडी चालवायचो तेव्हा तो त्यांच्याच वखारीत होता. त्याच्या भागातली माणसं बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला नाशिकला येतात ती पायी नाहीतर बैलगाडीने. आमचा बेत नाशिक ते पेठ रोज एक फेरी करायचा. मी चालवणार, पुंजा माणसं जमवणार. त्याचा आवाज तुम्ही ऐकायला हवा. भद्रकालीत ओरडला तर पंचवटीतली माणसं मागे वळून बघतात.

पण परवाना मिळायला हवा. दहा मार्चला तपासनीस साहेब स्वतः गाडीत बसून पेठला जाऊन परत येणार आहेत. गाडी भरलेली हवी. अट एकच, पण कडक: वाटेत प्रवाशांना उतरून गाडी ढकलावी लागली तर परवाना नाही. पेठला जाताना सावळघाट उतरायचा असतो, तेव्हा गाडी राणीसारखी जाते. परत येताना तोच घाट चढायचा. अर्ध्यावर आली की ती दोन आचके देते आणि गप्प. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू होते, जरा चढते आणि पुन्हा गप्प. सपाटीवर मात्र काही तक्रार नाही.

अब्बांना मी शब्द देऊन बसलोय. परवाना मिळाला नाही तर मालेगावला परत येऊन मागावर बसेन, असं त्यांच्यासमोर बोललो. मी माग सोडून ड्रायव्हर झालो तेव्हापासून त्यांचं माझ्याशी बोलणं बंदच आहे. पण निघताना अम्मीच्या हातून स्वतः विणलेलं कोरं कापड पाठवलं. तिला म्हणाले, "पेट्रोल गाळायला होईल. त्याला सांग, धागा इतका दाट आहे की धूळ जाणार नाही." तेव्हापासून त्याच कापडातून गाळतो.

तुम्ही इंजिनांत आयुष्य घातलंत. काय झालं असेल, लिहा.

तुमचा,
अब्बास

---

इगतपुरी, रेल्वे चाळ
६ फेब्रुवारी १९३४

अब्बास,

तुझं पत्र शेडमध्ये वाचलं आणि सगळ्या फिटरांना वाचून दाखवलं. सगळे हसले. इंजिन म्हणजे आमच्याकडे उभं असतं ते. तुझ्याकडे आहे तो शिवणयंत्राचा थोरला भाऊ.

पण तू विचारलंस म्हणून सांगतो. तुझी गाडी तापते. दुसरं काहीही नाही. चढावर तापते म्हणून थांबते, निवली की चालते. हे लहान मूलही सांगेल. रेडिएटरमध्ये खार साचला असणार. धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून गाडी तासभर चालव, मग ते सोडून दे आणि स्वच्छ पाण्याने धू. पंख्याचा पट्टा सैल असेल तर ताण. आणि पेट्रोलच्या नळीवर ओल्या चिंध्या गुंडाळ, म्हणजे पेट्रोलची वाफ व्हायची नाही.

तुला घाट चढायचाय हे वाचून मात्र मी खूश झालो. विजेची इंजिनं आल्यापासून कसाऱ्याचा घाट आमच्याकडून काढून घेतलाय. आम्ही वाफवाले आता इगतपुरीच्या पुढच्या सपाटीचे धनी. पूर्वी घाटात गाडी मागून रेटणारं इंजिन मी दुरुस्त केलेलं असलं की त्याचा आवाज मी घरात बसून ओळखायचो. आता घरात बसून तुझ्या आपाचा आवाज ऐकतो.

ती म्हणते, अब्बांनी कापड दिलं म्हणजे अर्धे तरी राजी आहेत. गाडी चढवून दाखव, उरलेले होतील.

रहेमान

---

नाशिक
१३ फेब्रुवारी १९३४

दुलाभाई,

रेडिएटर धुतला. आतून निघालेलं पाणी बघून पुंजा म्हणाला, "हा तर काढा हाय." पट्टा ताणला. नळीला चिंध्या गुंडाळल्या, आणि पुंजा बाजूच्या पायरीवर उभा राहून तांब्याने त्यांवर पाणी शिंपडत आला. वाटेवरच्या बायका विचारत होत्या, मोटारीला न्हाऊ घालता का?

घाटात गाडी बंद पडली. पूर्वीच्याच वळणावर.

आणि आता ऐका. मी रेडिएटरवर हात ठेवला. गरम होता, पण हात ठेवता येत होता. पाणी उकळलेलं नव्हतं. मग ती तापून कशी बंद पडली? हे तुम्हाला लिहायला मला जरा भीती वाटते, पण तुमचं निदान चुकलं असं दिसतंय.

गाडीत पेठचे चार जण होते, फुकट आणले होते वजनासाठी. त्यांनी उतरून ढकललं. त्यातली साळूबाई म्हणून एक म्हातारी, पुंजाची मावशी, ती गाडीमागे चालत म्हणाली, "पुंजा, पायीच आले असते तर घरी पोचून भाकर टाकली असती." सगळे हसले. मला हसू आलं नाही. ती वळणावळणाला पुन्हा म्हणत होती.

अब्बास

---

इगतपुरी
१६ फेब्रुवारी १९३४

अब्बास,

भितोस कशाला? चुकलं तर चुकलं. तापणं नाही हे कळलं, म्हणजे आपण एक पाऊल पुढे आलो.

आता नीट ऐक. पेट्रोलच्या इंजिनाला दोनच गोष्टी लागतात, ठिणगी आणि पेट्रोल. बंद पडलं म्हणजे दोन्हीपैकी एक पोचलं नाही. कुठलं ते जागेवरच, गाडी बंद पडल्या क्षणी बघायचं. घरी आणून बघून उपयोग नाही, घरी ती चालतेच. एका प्लगची तार काढ, तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धर आणि पुंजाला हँडल मारू दे. निळी ठिणगी उडाली तर तो भाग ठीक. मग कार्बोरेटरच्या खाली छोटा कॉक, म्हणजे तोटी, आहे तो उघड. पेट्रोल धारेने यायला हवं. धार आली नाही तर दोष टाकीपासून तिथपर्यंत कुठेतरी आहे. आणि बिडी दूर ठेव.

यापुढचं तुझ्या आपाने सांगितलं तसं लिहितोय. माझा त्याला पाठिंबा नाही.

"अब्बास, तुझ्या दुलाभाईंना मोटारीतलं काही कळत नाही. कधी हात लावलेला नाही. तुझं पत्र आलं की ड्युटी सुटल्यावर हे आग्रा रोडला जाऊन उभे राहतात. घाट चढून आलेल्या मोटारी तिथे गार व्हायला थांबतात, त्यांच्या ड्रायव्हरांना गाठून विचारतात. तिथे थांबणाऱ्या सगळ्यांच्याच गाड्या तापलेल्या, म्हणून सगळ्यांनी सांगितलं, तापते! परवा एका ड्रायव्हरची गाडी तापली नव्हती, तो नुसता चहाला थांबला होता. ठिणगी आणि पेट्रोलचं त्याने सांगितलं. हे त्याला आमच्या घरी जेवायला घेऊन आले. मला न सांगता. घरात फक्त डाळ होती."

संपलं तिचं. डाळ चांगली होती.

रहेमान

---

नाशिक
२२ फेब्रुवारी १९३४

दुलाभाई! आपा!

सापडलं! निदान अर्धं तरी सापडलं!

त्याच वळणावर गाडी बंद पडली. मी उडी मारली, तार काढली, टोक पुंजाच्या हातात दिलं आणि हँडल मारलं. तुम्ही पुंजाला हँडल मारायला सांगितलं होतं हे घाईत विसरलो. पुंजा असा उडाला की टोपी दरीत गेली. "ठिणगी हाय!" तो ओरडला. "लय हाय!" मग तासभर माझ्याशी बोलला नाही.

कॉक उघडला. धार नाही. एक थेंब, मग बऱ्याच वेळाने दुसरा. पेट्रोलच पोचत नव्हतं! आता कळलं, थांबल्यावर ती पुन्हा का सुरू व्हायची. थेंब थेंब जमून कार्बोरेटर भरायचा, तेवढं संपेपर्यंत चालायची. सपाटीवर कमी पेट्रोल लागतं, ते थेंबांवर भागायचं. चढावर भागत नव्हतं.

नळी सोडवून तोंडाने फुंकली. तोंडात काय गेलं ते विचारू नका. पण दुसऱ्या बाजूने एक पांढुरका चिकट गोळा बाहेर पडला आणि मागोमाग पेट्रोल धारेने. गाडी घाट चढली! थेट! पुंजाचा राग तिथेच संपला.

पण आता पुढचं. चार दिवस झकास चालली आणि आज पुन्हा तेच. नळी काढली तर पुन्हा तोच गोळा. मी सरळ पेट्रोल विकणाऱ्याकडे गेलो आणि भर दुकानात त्याला भेसळखोर म्हणालो. तो म्हणाला, "माझ्याकडून अख्खं नाशिक नेतं, तुझ्याच टाकीत गोळे कसे होतात?" भांडण चांगलं वाढलं. त्याने मला पुढचा डबा द्यायला नकार दिलाय.

तो गोळा मी पानसुपारीच्या डबीत घालून या पत्राबरोबर पाठवतोय. तुमच्या चहावाल्या ड्रायव्हरला दाखवा. दिवस फार उरले नाहीत. परवा अब्बांचा माग डोळ्यांसमोर आला, खाली पाय ठेवायचा खड्डा दिसला, आणि मी त्यात बसलेला.

अब्बास

---

इगतपुरी
२५ फेब्रुवारी १९३४

अब्बास,

डबी उघडली आणि अख्ख्या चाळीत पेट्रोलचा वास. मी तो गोळा घेऊन आग्रा रोडला निघालोच होतो. तुझ्या आपाने दारात अडवलं, म्हणाली, बघू. चिमूट घेतली, बोटांत चोळली, पाण्याचा थेंब टाकून पुन्हा चोळली. आणि अशी हसायला लागली की शेजारची रंगूबाई धावत आली.

आता तीच सांगते, मी लिहितो. या वेळी माझा पूर्ण पाठिंबा आहे.

"अरे वेड्या, ही खळ आहे! ताण्याच्या धाग्याला लावायची पिठाची खळ! सात वर्षांची असल्यापासून मी अंगणात ताण्याला खळ लावलीय, माझ्या बोटांना नाही कळणार? अब्बांचं कापड कोरं होतं. मागावरून उतरलेलं, न धुतलेलं. त्यातली वाळलेली खळ पेट्रोलबरोबर भुकटी होऊन टाकीत गेली. डब्यात थोडं पाणी असतंच, त्यात भिजली आणि झाला गोळा. धागा दाट म्हणून धूळ गेली नाही हे खरं. पण कापडच टाकीत चाललं होतं! तू विणकराचा मुलगा ना? कोरं कापड धुतल्याशिवाय आपण अंगाला तरी लावतो का? आणि अब्बांना हे सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल."

आता माझं. टाकी पुढच्या बैठकीखाली आहे ना? ती पूर्ण काढ. पेट्रोलनेच खळबळून धू, चार-पाच वेळा, पांढरं यायचं थांबेपर्यंत. उघडी उन्हात वाळव, आसपास विस्तव नको. नळी काढून फुंक. पंपाने फुंक, तोंडाने नको. कार्बोरेटर उघडून आतली भोकं साफ कर. सुईने कोरू नकोस, भोक मोठं होतं. घोड्याच्या शेपटीचा केस घाल. हे चहावाल्याने सांगितलं. तो आता दर फेरीला आमच्याकडे जेवतो.

आणि त्या दुकानदाराची माफी माग. आधी ते कर.

रहेमान

---

नाशिक
४ मार्च १९३४

दुलाभाई,

माफी मागितली. दुकानदाराला खळीची गोष्ट सांगितली तर त्याने मला गल्ल्यामागे बसवून पुन्हा सांगायला लावली, मग गिऱ्हाइकांना बोलावून तिसऱ्यांदा. आता मी दिसलो की विचारतो, "आज धोतर किती वार घालू टाकीत?" पण डबा देतो.

टाकी धुतली. घोड्याचा केस टांग्याच्या अड्ड्यावरून आणला. टांगेवाला म्हणाला, मोटारी आमचं पोट मारतात, आणि वर आमच्याच घोड्याचा केस मागतात! पण दिला. कापड गरम पाण्यात उकळून आपटून धुतलं, वाळवलं, आणि आता त्यातूनच गाळतो. काल घाट दोन वेळा चढलो. आचका नाही, उसासा नाही. पुंजाच्या मावशीने मागच्या बैठकीवर झोप काढली.

अब्बांना मी सांगितलं नाही. पण आपा, तूच अम्मीला लिहिलंस ना? परवा मालेगावहून एक बागवान आला. अब्बांचा निरोप, शब्दाला शब्द: "त्याला म्हणावं, कोरं कापड तसंच वापरलंस? माझ्या घरात वाढलास की घोड्याच्या तबेल्यात?" दीड वर्षात त्यांनी मला रागावून काही म्हणायची ही पहिलीच वेळ. मी बागवानाला चहा पाजला आणि ते दोनदा म्हणून घेतलं.

शनिवारी परीक्षा. तुम्ही याल का? मागच्या बैठकीवर एक जागा ठेवतो.

अब्बास

---

इगतपुरी
७ मार्च १९३४

अब्बास,

रजा मिळाली नाही. दोन इंजिनं उघडी पडलीत. मी साहेबाला सांगितलं की घाट चढायचाय. तो म्हणाला, तो विजेवाल्यांचा आता. मी म्हटलं, दुसरा घाट. त्याला कळलं नाही.

तुला सांगायचं ते एवढंच. घाटात गाडी कुरकुरली तर चिडू नकोस, घाई करू नकोस. पाणी, ठिणगी, पेट्रोल, याच क्रमाने विचार कर. ठिणगी कुठून येते, पेट्रोल कुठून कुठे जातं, ते डोळ्यांसमोर आण. आमच्याकडे जुने फिटर इंजिनाला हात लावण्याआधी नुसते बघत उभे राहायचे. मला तो वेळकाढूपणा वाटायचा.

आपा रात्रीपासून दुआ करतेय. मलाही करायला लावलीय.

रहेमान

---

नाशिक
१२ मार्च १९३४

दुलाभाई, आपा,

बसा आधी. दुलाभाई, तुम्ही खरंच बसा.

शनिवारी सकाळी तपासनीस साहेब आले. धिप्पाड माणूस, पुढच्या बैठकीवर बसले तर माझी बाजू वर आली. मागे पुंजाचे चार गाववाले. मी पायरीला पेट्रोलचा जादा डबा बांधला होता. साहेब म्हणाले, "प्रवाशांच्या पायाशी पेट्रोल? काढा तो." बरोबरच होतं. काढला. टाकीत पेठला जाऊन यायला पुरेल इतकं पेट्रोल होतंच.

गाडी सुरेख गेली. पेठला चहा झाला. आता परतायचं, तर साहेब म्हणाले, "पुढचा रस्ताही बघू. पावसाळ्यात लोक तिकडूनही येतील ना?" बरेच मैल पुढे गेलो, खड्ड्यांतून, नाल्यातून. मी काट्यांवर बसल्यासारखा. पेठमध्ये पेट्रोल मिळत नाही.

घाटाच्या पायथ्याशी काठी घालून बघितलं. टाकीच्या तळाशी थोडंसं होतं. नाशिकला पोचायला पुरेसं, म्हणून निघालो. जुनं वळण पार झालं. पुंजाने मागून माझा खांदा दाबला. त्याच्या पुढे तो खडा चढ आहे. तिथे, दुलाभाई, आचका. एक, दोन, आणि गप्प.

मी ब्रेक दाबून बसलो. साहेबांनी घड्याळ काढलं. पुंजा हळूच म्हणाला, "खळ तर नाय ना राहिली?" मागच्यांपैकी एक उतरायला लागला. मी ओरडलो, "कोणी उतरू नका!" उतरून ढकललं की संपलं सगळं.

मग तुमचं आठवलं. नुसता बघत बसलो. पाणी ठीक. ठिणगी, सकाळीच बघितलेली. पेट्रोल कुठून कुठे जातं? या गाडीला पंप नाही. टाकी बैठकीखाली, तिथून पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरत पुढे इंजिनाकडे जातं. पण चढावर गाडीचं नाक वर. इंजिन वर, टाकी खाली! टाकी भरलेली असेल तर चालतं. तळाशी आलेलं पेट्रोल वर कसं चढणार? काहीही बिघडलेलं नव्हतं. नळी स्वच्छ, टाकी स्वच्छ. नुसता उतार उलटा होता.

मग गाडीच उलटी करायची!

ब्रेक हळूहळू सोडत गाडी मागे वळणापर्यंत घरंगळू दिली. तिथे रुंदी होती. फिरवली. तोंड पेठकडे, पाठ नाशिककडे. साहेब म्हणाले, "हार मानलीत?" मी म्हटलं, "नाही साहेब, घाट चढतोय." आता टाकी वर, इंजिन खाली. पुंजाने उडी मारून हँडल मारलं, पहिल्याच फेऱ्यात सुरू! मागच्या गिअरमध्ये टाकली आणि गाडी पाठमोरी चढायला लागली.

पुंजा मागच्या पायरीवर उभा, ज्या आवाजासाठी मी त्याला भागीदार केला तो आवाज लावून: "डावीकडं! थोडं! लय नको! दरी हाय, दरी!" माझी मान वळवून वळवून मोडायला आलेली. गुरं चारणारी माणसं टेकडीवरून धावत खाली आली, बाजूने पळायला लागली, "उलटी चालली! मोटार उलटी चालली!" गाडी कुरकुरली नाही. एकदाही नाही. मागच्या गिअरला जोरही जास्त असतो, हे मला तेव्हा कळलं.

साहेब ताठ बसले होते. मला वाटलं, रागावले. बघतो तर ते समोर बघत होते. समोर म्हणजे खाली, सगळी दरी, पेठकडचे डोंगर एकामागे एक, उन्हात. म्हणाले, "या घाटातून बारा वर्षं जातोय. चढताना नेहमी पाठ असते तिकडे. हे कधी बघितलंच नव्हतं."

माथ्यावर त्यांनी उतरून गाडीला एक फेरी मारली, टाकीचं झाकण उघडून स्वतः आत बघितलं आणि मला विचारलं, "हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" मी म्हटलं, "नाही साहेब. इगतपुरीच्या माझ्या दुलाभाईंनी सांगितलं होतं, हात लावण्याआधी बघत बस." त्यांनी कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली. एक अट घातली: घाटाच्या पायथ्याशी टाकी अर्ध्याहून कमी असता कामा नये. मी खुशीने मान्य केली.

परवाना मिळाला! अम्मी-अब्बांना तार केली. तारेचं उत्तर अजून नाही.

आज पहिली फेरी होती. गाडी गच्च भरलेली. येताना घाटाच्या पायथ्याशी आलो, कालच तिथे आणून ठेवलेला डबा टाकीत ओतला, काठोकाठ भरली. गाडीत बसायला जातो, तर पुंजाची मावशी आणि तिच्याबरोबरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत बसलेल्या. मी विचारलं, "काय झालं?" साळूबाई म्हणाली, "साहेबाला डोंगर दावले म्हणं. आमी काय फुकट बसलोय?"

टाकी काठोकाठ भरलेली होती, दुलाभाई. सरळ चढलो असतो तरी काही अडलं नसतं.

मी गाडी फिरवली.

तुमचा,
अब्बास